प्रोग्राममधली विहीर

मी जुळे सोलापुरात राहते आणि कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. म्हणजे गावाच्या दृष्टीने मला सगळंच येतं: मोबाइल दुरुस्त करणं, सातबारा काढणं, पाऊस कधी पडेल ते सांगणं. त्यामुळे आमच्या गावी, केमला, वडील आणि चुलते यांचं पाण्यावरून वाजलं, तेव्हा निवाडा माझ्याकडेच आला.

विहीर एक, बांधावरची, दोघांची सामाईक. पाळीपाळीने मोटार चालते. यंदा दोघांनाही केळी लावायची होती आणि दोघेही छातीठोकपणे सांगत होते की विहिरीत आपल्यापुरतं पाणी भरपूर आहे. भावाचं काय, असं विचारलं की दोघे आभाळाकडे बघायचे. अबोला तर असा की पाळी संपली की चुलते आमच्या म्हशीला ओरडून सांगायचे, "मोटार बंद केली गं!" म्हैस रवंथ करायची आणि वडील मोटार सुरू करायला उठायचे. शेवटी वडील मला म्हणाले, "दोगांचं भागतंय का, एवडं सांग. भागत नसंल तर मी माजी बोअर पाडतो आन् वाटणी करून मोकळा हुतो." त्या बांधाच्या दोन्ही बाजूंना मी लहानपणापासून जेवत आले आहे.

मग मी आर नावाच्या कॉम्प्युटरच्या भाषेत प्रोग्राम लिहिला. विहीर नावाचा एक क्लास, त्यात पाणी किती आणि झरा किती. शेत नावाचा दुसरा क्लास, त्यात पीक, क्षेत्र, आणि एक कप्पा विहिरीचा. क्लास म्हणजे साचा, आणि एका साच्याच्या पोटात दुसरा बसवता येतो; हे मी वर्गात इतक्या थाटात शिकवते की मागच्या बाकावरचेही जागे होतात. एक विहीर तयार केली, वडिलांच्या शेतात घातली, चुलत्यांच्या शेतात घातली आणि उन्हाळा चालू केला. मे महिना सरला तरी दोन्ही बागा हिरव्यागार! आईने बांधावर उभं राहून फोन स्पीकरवर धरला, मी निकाल सांगितला. "मी म्हणत हुतो की!" दोघे एकदमच बोलले आणि आपापल्या रानात खड्डे काढायला लागले.

आमच्या खानदानात इतकी एकवाक्यता कधी झालेली नाही, म्हणूनच मला संशय आला. प्रोग्राममध्ये चुलत्यांच्या शेताला पाणी पाजलं आणि वडिलांच्या शेतातली विहीर उघडून पाहिली. काठोकाठ! थेंब हललेला नाही. मी वापरलेल्या प्रकारच्या क्लासमध्ये कप्प्यात वस्तू ठेवली की तिची नक्कल ठेवली जाते. म्हणजे मी दोघांना एकेक अख्खी विहीर बहाल केली होती. दोघांच्या मनात वर्षानुवर्षं जे होतं, तेच कॉम्प्युटरने मान्य केलं होतं. मग रेफरन्स क्लास घेऊन पुन्हा लिहिलं, दोन्ही शेतं एकाच विहिरीकडे बोट दाखवतील असं. पाणी एकाच बागेपुरतं निघालं.

रविवारी रेल्वेने केमला गेले आणि बांधावर लॅपटॉप उघडून खरं ते सांगितलं. दोघे माझ्यावर तुटून पडले, तेही मिळून.

"पयलं सांगितलंस तेच बरोबर हाय," वडील म्हणाले.

"व्हय की. आदी मशीन खरं बोलत हुतं, हिनंच बिगडवलं," चुलते म्हणाले.

"अहो, पहिल्यात विहिरी दोन होत्या!" मी ओरडले. "आपली एकच आहे!"

दोघे उठून विहिरीपाशी गेले आणि आत वाकून बघत राहिले. आता वाटणीच होणार, असंच मला वाटलं.

परत येताना वडील कितीतरी दिवसांनी थेट भावाशी बोलले. "तू लाव औंदा. मी ज्वारी करतो."

"आन् तू ज्वारी राकत बसनार व्हय, दादा?" चुलते म्हणाले. "तुज्याच रानात लावू, दोगं मिळून. तितली माती बरी हाय."

मला रडू आलं, ते लपवायला मी पिशवीत चार्जर शोधू लागले. वडिलांनी आधीच सांगून ठेवलेल्या बोअरवाल्याला नको म्हणून कळवायचं काम माझ्यावर पडलं, कारण वडिलांना स्वतः फोन करायची लाज वाटत होती. मी त्याला गाव आणि आडनाव सांगितलं.

"कुनाची रद्द करू, ताई?" तो म्हणाला. "थोरल्यांची का धाकट्यांची? दोगांनी बी सांगून ठेवलीया."

मी मागे वळून पाहिलं. दोघे शेजारी बसून तंबाखू मळत होते आणि माझ्याकडे बघायचं टाळत होते.

"दोघांची," मी म्हणाले.