तातेराव सरांचा न चुकणारा हात

भोकरदनला तहसीलसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. बाजूच्या टपरीत तातेराव टायपिस्ट बसतो. लोक त्याला सर म्हणतात. कशाचा सर, कुणास ठाऊक! तरुणपणी टाईपरायटरच्या परीक्षेत पहिला आल्ता म्हणे. त्या एका कागदावर चाळीस वर्षं मिजास चालू आहे.

बोटं चालतात त्याची, खोटं कशाला बोलू? आता कॉम्प्युटर आलाय, पण कीबोर्ड अजून टाईपरायटरचाच, जुन्या जागी जुनी अक्षरं. मी उच्चाराप्रमाणे टाईप करते तर म्हणतो, "हा पोरखेळ आहे." सेव्ह करायचं कंट्रोल-एस तेवढं शिकला. दर ओळीनंतर दाबतो, आरतीत घंटी वाजवावी तसं. कंट्रोल-झेडचं नाव काढलं की मात्र नाक मुरडतो. "झालेलं माघारी घ्यायचं बटण हात चुकणाऱ्याला लागतं, सुमेधा."

मागच्या जूनात धावड्याची नंदाबाई आली. शाळेत खिचडी शिजवणारी बाई. हिनं शाळेचा तांदूळ विकला असा कुणीतरी अर्ज केल्ता आणि ऑफिसानं लेखी खुलासा मागितला होता. न्हाई दिला तर काम गेलं. तीन दिवस ती बसनं आली आणि सरांना तारीखवार एकेक गोष्ट सांगत गेली: तांदूळ किती आला, चावी कुणाकडं होती, कोण साक्षीला. चौदा पानं झाली. शेवटच्या दिवशी पाचच्या आत खुलासा द्यायचा होता.

चार वाजता सरांनी अक्षर मोठं करायला कंट्रोल-ए दाबून सगळा मजकूर निवडला. टाईपरायटरवाल्यांचा अंगठा कायम स्पेसबारवर टेकलेला. टेकला! चौदा पानं गायब. आणि सवयीनं लगेच कंट्रोल-एस.

मी मागंच उभी होते. "सर, काही दाबू नका. फक्त कंट्रोल-झेड. सगळं जसंच्या तसं येतं."

"मला शिकवून राह्यली का? माझा हात चुकत न्हाई. मशीन अटकलंय."

"सर, मंग मी दाबते."

मी हात पुढं केला आणि या शहाण्यानं खाली वाकून मशीनचं बटणच बंद केलं. मशीन परत चालू झालं तेव्हा फाईल होती, आत एक अक्षर न्हाई. एकदा बंद केल्यावर कंट्रोल-झेडही काही माघारी आणत न्हाई. एका बाईनं आपली चूक दुरुस्त करावी त्यापेक्षा दुसरीची रोजीरोटी गेलेली बरी. थू असल्या अकलेवर!

नंदाबाई रडली न्हाई. म्हणाली, "सर, माझ्या हातनं खिचडीत मीठ जादा पडलं तर मी पाणी घालायची. तुम्ही पातेलंच उपडं केलं."

मग ती माझ्याकडं बसली. ती जल्दी जल्दी सांगत गेली, मी टाईप करत गेले. तारखा तिला आठवेनात, घड्याळ थांबेना. पाचला दहा मिनिटं असताना चार पानं नेऊन दिली.

पंधरा दिवसांनी निकाल लागला. ऑफिसातला ऑपरेटर रजेवर होता, म्हणून टायपिंग तातेरावकडं आलं. पठ्ठ्या तो कागद घेऊन ऐटीत माझ्या दुकानात शिरला. "वाच. एक चूक काढून दाखव."

"सविस्तर खुलासा मुदतीत सादर न केल्यामुळे श्रीमती नंदाबाई यांना कामावरून कमी करण्यात येत आहे."

मी दोनदा वाचलं. चूक एकही नव्हती.