नाव नसलेली उचकी

मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे आधीच सांगते — नजर, उतारा, भूतखेत, माझा कशावरच विश्वास नाही. हे लिहितेय तेही वैतागूनच.

आम्ही रत्नागिरीजवळ, हातखंब्याच्या अलीकडे राहतो. मी, माझा नवरा दिलीप आणि सासूबाई. दिलीपला रक्ताचा कॅन्सर झाला, मुंबईला बोन मॅरो ट्रान्सप्लांट झालं. घरात कोणाचाच मॅरो जुळला नाही, रजिस्ट्रीतून दाता मिळाला. त्याचं नाव-गाव सांगत नाहीत, नियमच तसा. कॅन्सर गेला, दिलीपचा रक्तगटसुद्धा बदलला. म्हटलं, सुटलो! कसलं काय... काही महिन्यांनी घास अडकायला लागला. डॉक्टर म्हणाले, दात्याच्या पेशी दिलीपच्या शरीराला परकं समजतात, त्यात अन्ननलिका आकसलीय. फुगा घालून रुंद केली, पुन्हा आकसली. मासे-भाकरी सोडाच, मऊ भात उतरेना. वजन आणखी घटलं तर पोटात नळी बसवायची ठरलं. दिलीपने त्या नळीची धास्तीच घेतली होती.

घास अडकला की त्याला उचक्या लागायच्या, आणि सासूबाई सुरू — "नाव घे रं कुनाचा तरी! कोन आठवन काढताय बग." खरं नाव आलं की उचकी थांबते म्हणे. मग अख्खी भावकी, झाडून सगळे चाकरमानी... घशात घास आणि वर ही हजेरी! माझं डोकं फिरायचं.

एका दुपारी तर थुंकीही गिळता येईना. मी गाडीची किल्ली शोधत होते. सगळी नावं संपल्यावर सासूबाईंनी विचारलं, "ज्यानं हाडातला मगज दिलान, त्याचा नाव काय?"

"आई, नाव सांगत नाहीत ते!" मी ओरडलेच.

त्यांनी दिलीपच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या बिननावाच्या दात्यालाच विचारलं, "जेवलास काय रं बाबा?"

उचकी थांबली. घास उतरला. दिलीपने आणखी भात मागितला.

योगायोग! मीही तेच म्हटलं. पण तेव्हापासून विचारलं की घास उतरतो, नाही विचारलं की अडकतो. मी मुद्दाम एकदा न विचारता वाढून बघितलं, आणि सासूबाईंच्या शिव्या खाल्ल्या. पुढच्या एंडोस्कोपीत नलिका होती तितकीच अरुंद. "यातून भात जातो?" असं डॉक्टरांनी मलाच विचारलं. फुगा चालू राहिला, नळी टळली. आणि मी, जी लोकांना रिपोर्ट समजावून सांगते ती, रोज जेवणाआधी एका अनोळखी माणसाची चौकशी करायला लागले.

गेल्या महिन्यात एकदा असंच विचारलं... घास उतरला नाही. पुन्हा विचारलं. पाणीसुद्धा जाईना.

सासूबाईंनी ताट सारलं. "आज त्यो उपाशी हाय."

"काहीतरीच काय, आई!" म्हटलं खरं, पण मलाही जेवण जाईना. आजारी असेल का? एकटा असेल? डॉक्टरांना फोन करून दिलीपला न्यायची तयारी केली. पण त्या दात्यासाठी कोणाला फोन करणार? कुठल्या गावाला? नियम करणाऱ्यांना काय जातंय!

तिन्हीसांजेला, निघता निघता, दिलीपने पाण्याचा घोट घेऊन बघितला. उतरला. मग पेज घेतली, तीही उतरली.

"जेवला वाटतं," तो म्हणाला आणि रडायलाच लागला.

हे काय आहे, मला आजही कळलेलं नाही. कोणाला कळलं तर सांगा, मी ऐकून घेईन. आणि तू जर हे कुठे वाचत असशील ना — बाबा रे, वेळेवर जेवत जा. इथे तीन ताटं खोळंबतात.