चारमिनारचा रुपया आणि टंचाची मशीन

गेल्या दिवाळीत, वसुबारसेच्या आदल्या दिवशी दुपारी, मानवतमधल्या एका सराफी दुकानात माझ्या थोरल्या बहिणीचा चांदीचा हाली रुपया खोटा ठरला. रुपया खरा होता.

हाली म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानाचे चलन. परभणी-मानवतचा हा भाग त्या संस्थानात होता. इंग्रजी अमलातला राजाच्या चेहऱ्याचा रुपयाही इकडे चालायचा, त्याला कलदार म्हणत. हाली रुपया कलदारपेक्षा वजनाला थोडा हलका आणि चांदीतही कमी. कलदारमध्ये शंभरात सुमारे ब्याण्णव भाग चांदी, हालीत सुमारे ब्याऐंशी. टांकसाळीनेच तसे ठरवले होते. बाजारात दोघांचा भाव वेगळा असायचा आणि आमच्या आजीच्या पिढीतल्या बायकांना तो फरक पाठ होता.

आक्काचा रुपया चारमिनारचा. आजीने तो आईच्या पहिल्या दिवाळसणाला तिच्या ओटीत घातला होता, आईने आक्काच्या. आक्काची मुलगी त्याच वर्षी उन्हाळ्यात लग्न होऊन पेडगावला गेली होती. पाडव्याला ती आणि जावई दिवाळसणाला येणार होते आणि रुपया तिच्या ओटीत जाणार होता. त्याला उजाळा द्यावा आणि चांदीच्या गोल कड्यात बसवून घ्यावा म्हणून आक्का तो सराफाकडे घेऊन गेली. सराफाने तो टंच काढायच्या मशीनमध्ये ठेवला. टंच म्हणजे शुद्धता. पडद्यावर आकडा आला एक्क्याऐंशीच्या वर काहीतरी. सराफ म्हणाला, जुना चांदीचा रुपया ब्याण्णवला लागतो, हा मिसळीचा आहे, नकली आहे.

आक्काचा फोन आला तेव्हा मी परभणीत घरी होतो.

"अरे, आईचा रुपया खोटा निघाला."

"कोण म्हणतं?"

"मशीन म्हणायलीय."

"मशीनला रुपया कळत नाही आक्का, तिला चांदी कळते."

"मंग रुपया कशाचा असतो? पितळंचा?"

मी वर्तमानपत्राच्या डेस्कवर नोकरी केली. हाली नाणी जमवायचा नाद नोकरीच्या आधीपासूनचा. या नादात निम्मा वेळ नकली नाणी ओळखण्यात जातो. आठवडी बाजारात, यात्रेत, आता फोनवरच्या गटांत, चारमिनारचे रुपये विकायला येतात आणि त्यातले बरेचसे साच्यात ओतलेले असतात. ओतीव नाण्याच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरच्या अक्षरांसारख्या गोलसर असतात. काठावरच्या बारीक उभ्या रेघा कुठेतरी पुसट होतात आणि साच्याचे दोन भाग जुळतात तिथे एक शिवण राहते. ती कानसेने घासली तरी भिंगातून दिसते. चारमिनारच्या मधल्या कमानीत एक लहान उर्दू अक्षर असते. सहाव्या निजामाच्या रुपयावर मीम, सातव्याच्या रुपयावर ऐन. ओतीव नाण्यात त्या अक्षराचा ठिपका होतो.

आक्काच्या रुपयाच्या कमानीत मीम आहे. तो मी अनेकदा पाहिला होता. मिनारांची टोके झिजली आहेत, कारण आक्का दर लक्ष्मीपूजनाला तो चिंच आणि रांगोळीने घासते. नाणे घासू नये, त्यावरचा काळसरपणा राहू द्यावा, हे मी तिला दर दिवाळीत सांगत आलो. ती दर दिवाळीत म्हणाली, "काळ्या तोंडाची लक्ष्मी तुझ्या पेटीत ठिव."

मी पुढची एसटी धरून मानवतला गेलो. आक्का दुकानातच थांबली होती. दिवाळीची गर्दी होती. सराफ तिशीतला, बोलायला मऊ. त्याने मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले, रुपया पुन्हा मशीनमध्ये ठेवून दाखवला. तोच आकडा.

"काका, मी काय हातानं लिहिलाय का आकडा?"

मी म्हणालो की आकडा बरोबर आहे, हाली रुपयाचा टंच एवढाच असतो. वजन करायला सांगितले. अकरा ग्रॅमच्या किंचित वर भरले, जेवढे भरायला हवे तेवढेच. भिंग मागितले आणि कमान दाखवली. त्याने भिंगातून पाहिले.

"अक्षर हाय की. पण अक्षर काय, कुनी बी कोरतं."

मग त्याने काउंटरच्या काचेखालून एक रुपया काढला. तोही चारमिनारचा, पांढराशुभ्र. मशीनमध्ये ठेवला. ब्याण्णव. "हे बघा. याला म्हणत्यात अस्सल. मावशी म्हणल्या तर हा देतो आन तुमचा मोडीत घेतो."

मी तो रुपया हातात घेतला. वजनाला हालीपेक्षा जवळजवळ अर्धा ग्रॅम जास्त. कमानीत ठिपका. काठावर शिवण. चांदी म्हणून ती चकती चांगली होती. टांकसाळीत ती कधी गेली नव्हती. कुणीतरी चांगली चांदी आटवून चारमिनारच्या साच्यात ओतली होती. मी हे सराफाला सांगितले. तो हसला.

"म्हंजी कमी चांदीचा तो खरा आन जास्त चांदीचा तो खोटा? असला धंदा कोन करल काका? नकली करनारा चांदी वाढवून घालतो का?"

शेजारी झरी गावच्या एक बाई जोडवी बघत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, मशीननं तुमचं काय वाकडं केलंय ओ?" दुकानात हशा पिकला. आक्काही हसली.

सराफाचा प्रश्न साधा होता आणि उत्तरही साधे होते. चांदी म्हणून मिसळ विकणारा माणूस चांदी कमी घालतो, पण जुने नाणे म्हणून विकणाऱ्याला चांदीचा खर्च परवडतो, कारण तो चांदीच्या नाही, जुनेपणाच्या भावाने विकतो. मी हे बोललो. सराफ तोवर दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला होता.

बाहेर आल्यावर मी आक्काला एक दिवस थांबायला सांगितले. माझ्याकडे दोन चारमिनार आहेत, दोन्ही तज्ज्ञांकडून तपासलेले. ते याच मशीनमध्ये ठेवू. त्यांचाही आकडा एक्क्याऐंशी-ब्याऐंशी आला की सराफाला मान्य करावे लागेल. आक्का म्हणाली, "माजं झालं, आन आता तुजं बी वाटुळं व्हायचं." पण थांबली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही रुपये घेऊन गेलो. सराफाने ते एकामागून एक मशीनमध्ये ठेवले. पहिल्याचा आकडा एक्क्याऐंशीच्या वर आला. दुसऱ्याचा जवळजवळ ब्याऐंशी. दोन्ही आक्काच्या रुपयाशी जुळणारे.

"बघा," मी म्हणालो.

सराफाने पडद्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि आवाज खाली आणून म्हणाला, "काका, वाईट वाटून घेऊ नका. तुमचे बी नकलीच हायेत."

मी त्याला विचारले की तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेल्या तीन रुपयांचा आकडा एकच कसा येईल. तो म्हणाला, "एकाच कारखान्यातला माल असंल." कारखाना हैदराबादची टांकसाळ आहे, मी म्हणालो. तो म्हणाला, "तेच तर म्हनायलोय, काका. माल तिकडूनच यायलाय."

आक्का माझ्याकडे बघत होती. "इतकी वरसं पोराबाळांच्या तोंडचं काढून हेच जमा केलंस?" ती म्हणाली. टोमणा मारायच्या सुरात नव्हे.

दुकानाच्या पायरीवर मी तिला पुन्हा सगळे सांगितले. हाली, कलदार, टांकसाळ, कमान, मीम. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले.

"तू म्हणतोस तर खरा असंल," ती म्हणाली. "पण पोरीच्या सासऱ्याच्या साडूचं सराफी दुकान हाय. उद्या त्यानं मशीनवर टाकला तर? आकडा हाच यायचा. मंग मी पेडगावला जाऊन मीम दाखवू का त्यांना? पोरीला आयुष्यभर ऐकावं लागंल, माहेरानं ओटीत खोटी लक्ष्मी घातली म्हणून."

पेडगावच्या मशीनवरही एक्क्याऐंशीच आले असते.

मी म्हणालो, काचेखालचा तो नवा रुपया घे, पण जुना मला दे, त्याच्या बदल्याची चांदी मी सराफाला देतो. आक्काने मान हलवली. "खोटी म्हणल्याली लक्ष्मी दिवाळीच्या तोंडावर भावाला देऊ? माझ्या हातनं न्हाई व्हायचं."

"खोटी नाहीये ती."

"तू म्हणायलास. चार मानसांत खोटी निघाली ना?"

ती आत गेली. मी मागोमाग गेलो. सराफ मोडीतली चांदी आटणीला, म्हणजे वितळवायला, पाठवण्याआधी कापून ठेवतो. मी त्याला हा एक रुपया कापू नका, बाजूला ठेवा, असे सांगितले. त्याने आक्काकडे पाहिले. आक्का म्हणाली, "काप बाबा. कुनाच्या देवात नको जायला परत." त्याने रुपया लोखंडी कातरीत धरला आणि दाबला. तो मिनारांच्या मधोमध कापला गेला.

मी एक तुकडा उचलला. मुलामा दिलेल्या नाण्याचा काप आत तांबूस दिसतो. हा या काठापासून त्या काठापर्यंत पांढरा होता. मी तो सराफाला दाखवला. "चांदी हायेच की," तो म्हणाला, "मी कुठं न्हाई म्हनलो? टंच कमी हाय." त्याने तुकडा माझ्या हातातून घेतला आणि मोडीच्या पितळी डब्यात टाकला.

आक्काने नवा रुपया कड्यात बसवून घेतला.

पाडव्याला भाची आणि जावई मानवतला आले. रुपया भाचीच्या ओटीत घातला गेला. त्या दिवशी मी तिथे नव्हतो, ओटी भरल्याचे आक्काने फोनवर सांगितले. भाऊबीजेला मी गेलो. ओवाळून झाल्यावर भाचीने रुपया आणून माझ्या हातात दिला.

"मामा, तुमी नाण्यातले. आजीचा रुपया किती जुना असंल ओ?"

आक्का समोर ताट घेऊन बसली होती. तिने मान वर केली नाही. मी रुपया फिरवून पाहिला. कड्यामुळे काठ झाकला गेला होता, शिवण दिसत नव्हती. कमानीतला ठिपका दिसत होता.

"चारमिनारचे रुपये शंभर वर्षांपूर्वीचे," मी म्हणालो आणि रुपया तिला परत दिला.

दिवाळीनंतर मी मानवतच्या दुकानात जाऊन कापलेल्या तुकड्यांची चौकशी केली. मोडीतली सगळी चांदी दिवाळीआधीच आटणीला गेल्याचे सराफाने सांगितले. ते मी पाहिलेले नाही. पौषात मी पेडगावला गेलो तेव्हा कड्यातला रुपया भाचीच्या देवघरात होता. तिच्या सासऱ्यांनी तो साडूंच्या मशीनवर तपासून आणला होता. आकडा ब्याण्णव आला होता.