काचेवरचे किडे

जर्मनीत कार्ल्सरूहेला घरी परतताना आज गाडीच्या काचेवर नदीवरचे नाजूक किडे चिकटले.

अशाच एका एप्रिलमध्ये मालवणहून आलेल्या बाबांना मी ट्राउटची मासेमारी दाखवायला नेलं होतं. आमचे शेजारी क्लाउस गळ घेऊन थंड पाण्यात नुसतेच उभे होते.

"हो गळ कित्या टाकणा नाय?"

"किडे वर यायची वाट बघतायत, बाबा."

मग पाण्यातून किड्यांचा धूर उठला, मासे उसळले. जन्मभर मासेमारी केलेले बाबा मात्र किड्यांकडेच बघत राहिले.

"उडान गेले काय परत येतत काय गो हे?"

"येतात. अंडी घालून इथेच मरतात."

"म्हणजे येतत," एवढंच बाबा म्हणाले.

मी घाईघाईने कार्ल्सरूहेला परतायच्या ट्रेनची वेळ बघू लागले.

आता बाबा गेल्यापासून मालवणच्या घराला कुलूप आहे आणि काचेवर वायपर फिरवायला माझा हात धजत नाही.