गाडीतल्या संडासाचं कुलूप

आमच्या गाडीत संडास आहे. आमचे हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ही गोष्ट सांगतात आणि नुसती सांगून थांबत नाहीत, पाहुण्याचा चहा संपायच्या आत त्याला खाली पार्किंगमध्ये नेतात. मग शेगडी दाखवायची, घडीचे पलंग उघडून दाखवायचे, मोबाईल चार्ज करायच्या जागा दाखवायच्या आणि सगळ्यात शेवटी किल्ली लावून ते अरुंद दार उघडायचं. पाहुणे आत डोकावून "वा, काय सोय केलीत!" म्हणायचे. हे दार लावून पुन्हा कुलूप घालायचे. वर्षभर हे असं चाललं होतं आणि त्या वर्षभरात त्या संडासात एकही माणूस गेला नव्हता. आत एक गोणी कांदे, अर्धी गोणी बटाटे आणि तांदळाचा डबा होता.

हे वाचून कुणाला हसू येईल. मला येत नाही. मी सिन्नरच्या एका शाळेत अठ्ठावीस वर्षं शिकवलं. गंगापूर रोडवरच्या घरातून निघायचं, स्टँडवरून एसटी धरायची आणि दुपारी तसंच परत यायचं. शाळेत बाईंसाठी म्हणून जी जागा होती तिला दार होतं, कडी नव्हती. म्हणून आम्ही बायका पाणीच पीत नव्हतो. सकाळी अर्धा कप चहा, त्यानंतर घरी येईपर्यंत काही नाही. शिकवताना जीभ टाळ्याला चिकटायची. सहलीला जायचं असलं की आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद. वेरूळला मी दोनदा जाऊन आले, पण लेण्यांपेक्षा मला बाहेरची बायकांची रांग जास्त आठवते. लघवीच्या जागी सारखी आग व्हायची. डॉक्टरीणबाईंनी झापलं, पाणी प्या म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी एसटीत बसले.

निवृत्त झाल्यावर मुलाकडे अमेरिकेला गेलो. तो मेरीलँडमध्ये असतो. त्याने आठ दिवसांसाठी एक मोठी गाडी भाड्याने घेतली, तिकडे तिला आरव्ही म्हणतात. स्वयंपाकघर, पलंग, संडास, सगळं चाकांवर. डेलावेअरचा समुद्र पाहिला, व्हर्जिनियातल्या डोंगरमाथ्यावरच्या रस्त्याने दोन दिवस हिंडलो. चेसापीक खाडीवरून लांबच लांब पूल जातो. त्या पुलावर सगळे खिडकीला नाक लावून खाली पाणी पाहत होते आणि मी बाटली तोंडाला लावून पाणी पीत होते. सबंध बाटली. चालत्या गाडीत, भर दिवसा, पुढे कुठे थांबणार हे कुणालाही न विचारता. मग उठले, चार पावलं चालले, कडी लावून घेतली. बाहेर आले तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. सुनेला वाटलं, खाडी पाहून मला भरून आलं.

त्या गाडीतली मैल्याची टाकी दर दोन दिवसांनी कॅम्पमध्ये रिकामी करावी लागायची. ते काम यांनी हौसेने स्वतःकडे घेतलं. रबरी हातमोजे घालून, जाडजूड पाइप धरून, दात काढून उभं राहायचं. तसा फोटो काढून घेतला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. "इथे कुठलंच काम हलकं नसतं," असं खाली लिहिलं होतं. चाळीसेक अंगठे आले.

तर परत आल्यावर यांच्या डोक्यात गाडी शिरली. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि अंबडला गाड्यांच्या बॉडी बांधणाऱ्या एकाकडे दिली. हे रोज तिथे जाऊन बसायचे. पडदे कुठले, गादी केवढी, मला काही म्हणजे काही विचारलं नाही आणि मला विचारायला नकोही होतं. मी एकच सांगितलं होतं, "संडास हवा, आणि आतून कडी हवी." दोन्ही झालं. गाडी दारात आली त्या दिवशी मी यांच्यावर इतकी खूश होते की तिला दोनदा ओवाळलं.

गाडीची पूजा झाली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं ठेवली, आणि यांनी आत देवघर बसवलं. कुलदेवीचा टाक, लहानसा दिवा, स्टीलची घंटा. जागा एवढीशी, त्यामुळे देवघर ज्या भिंतीला लागलं तिच्या पलीकडेच संडास आला. तोवर कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. लक्षात आणून दिलं ते माझ्या नणंदेने. ह्या यांच्या थोरल्या बहीण, आम्ही सगळे त्यांना ताई म्हणतो. मखमलाबादला मळा आहे त्यांचा, भाजी आणि फुलं बाजारात जातात. बाई कष्टाळू, पण सोवळ्याओवळ्याची फार. त्या गाडीत चढल्या, नमस्कार केला आणि म्हणाल्या, "अरे, देवीच्या पाठीला संडास?"

संपलं. यांनी त्याच संध्याकाळी कुलूप आणलं.

मी भांडले. म्हटलं, देवघर पुढे ड्रायव्हरजवळ न्या. पुढे म्हणे पाय लागतात. म्हटलं, मग देव घरीच ठेवा, घरी देव काय कमी आहेत? पूजा करून बसवलेले देव हलवायचे नसतात म्हणे. म्हटलं, अहो, मेरीलँडला तुम्ही संडासाला टेकून पोहे खाल्लेत, ते कसं चाललं? तर म्हणाले, "तिकडे आपले देव नव्हते."

पण मी याच माणसाबरोबर पस्तीस वर्षं काढलीत. देवाचं निमित्त होतं. खरी गोष्ट वेगळी होती, ती मीच एकदा तोंडावर म्हटली. टाकी रिकामी करायची वेळ आली असती तर इथे हातमोजे घालून पाइप धरणार कोण? हे? कॉलनीतल्या लोकांसमोर? अमेरिकेत जे काम हलकं नव्हतं ते नाशकात आल्याबरोबर हलकं झालं. त्यावर हे चिडले, दोन दिवस बोलले नाहीत. पण कुलूप तसंच राहिलं, किल्ली गाडीच्या किल्लीबरोबर एकाच कडीत गेली.

मग आमच्या सहली सुरू झाल्या. हे, मी आणि बहुतेक वेळा ताई. नांदूरमध्यमेश्वरला पक्षी पाहिले, भंडारदऱ्याला धरण पाहिलं. यांना लागली की हे वाटेल तिथे गाडी थांबवायचे, बाभळीकडे तोंड करायचे, शीळ घालत परत यायचे. आम्ही दोघी पेट्रोल पंप शोधायचो. पंपावर संडासाला कुलूप असायचं, किल्ली साहेबांकडे आणि साहेब जेवायला गेलेले. कधी मी झुडपाआड बसायची आणि ताई पदर पसरून रस्त्याकडे पाहत उभ्या राहायच्या, कधी उलटं. आणि दहा पावलांवर आमचीच गाडी, तिच्यात आमचाच संडास, त्याच्यात कांदे. मी पुन्हा आदल्या संध्याकाळपासून पाणी बंद करायला लागले.

ऑक्टोबरात सुरगाण्याकडचा एक धबधबा पाहायला निघालो. भात पिवळं पडलं होतं, नागली काढणीला आली होती, हवा छान होती. ताईंची आता सत्तरी उलटून गेलीय, त्यात साखरेचा आजार. त्या दिवशी वणीला थांबलो तेव्हाच त्यांना जायचं होतं, पण तिथल्या जागेत पाय ठेववेना म्हणून त्या तशाच परत आल्या. पुढे घाटात एक मालाचा ट्रक वळणावर आडवा अडकला. मागेपुढे गाड्यांची रांग लागली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला उतार, आणि रस्त्यावर उतरून गप्पा मारणारे पुरुषच पुरुष.

तासाभराने ताईंनी बोलणं बंद केलं. मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी घट्ट धरून बसल्या होत्या. मला ते बसणं ओळखीचं होतं, मी आयुष्यभर तसं बसलेय. मी म्हटलं, "अहो, किल्ली द्या. मी कांदे बाहेर काढते." हे म्हणाले, "निघेल आता ट्रक, पाच मिनिटं." ताईही म्हणाल्या, "नको गं, देवी आहे. मी थांबते." मी पुन्हा त्या ट्रककडे पाहत बसले.

आमच्या मागे एक काळीपिवळी जीप होती. तिच्यातल्या बायका उतरल्या, उतारावरच्या मोठ्या दगडामागे जाऊन आल्या. त्यातली एक आमच्या खिडकीशी येऊन ताईंना म्हणाली, "बाय, येता का? खाली जागा हाय. आमी उभ्या राहतो, कोन नाय येत." ताईंच्या गुडघ्यांना तो उतार झेपला नसता, पण मी धरून नेलं असतं. ती बाईही दुसरा हात धरायला तयार होती. ताई उठायला लागल्या, तेवढ्यात हे पुढच्या सीटवरून हसून म्हणाले, "नको नको. आमच्या गाडीत सगळी सोय आहे."

बाई गेली. मी दुसऱ्यांदा किल्ली मागितली. हे म्हणाले, "ताईच नको म्हणतेय ना? तुझं काय मध्येच?" मी तिसऱ्यांदा मागितली तेव्हा आवाज चढवला. यांनीही चढवला. आम्ही नवराबायको भांडत होतो, आणि भांडता भांडता मला ऐकू आलं, गाडीच्या पत्र्यावर पाणी ठिबकत होतं.

ताईंनी डोळे मिटून घेतले होते. गादी, पातळ, पायांतल्या चपला, सगळं ओलं. सत्तरी उलटलेली बाई, जिच्या शब्दाशिवाय मळ्यात पान हलत नाही, धाकट्या भावासमोर बसल्या जागी. आणि त्या भावाने काय केलं? खिडकीची काच खाली केली, तोंड बाहेर काढलं आणि म्हणाला, "आधी नीट सांगायचं ना."

मी पुढे झाले. स्टिअरिंगपाशी किल्ल्यांची जुडी लटकत होती, ती उपसून घेतली. दार उघडलं. कांद्यांची गोणी ओढत आणली आणि मागच्या दारातून घाटात ढकलून दिली. बटाटेही दिले. कांदे उतारावरून घरंगळत गेले, रस्त्यावरचे पुरुष बघत राहिले. "अगं, वेड लागलं का!" हे ओरडले. मी त्यांना जे बोलले ते इथे लिहिता येणार नाही. शाळेत असल्या शब्दांसाठी मी मुलांना उभं करायची. ताईंना आत नेलं, पाणी सोडलं, धुतलं, पुसलं, पिशवीतलं माझं दुसरं पातळ नेसवलं. त्या लहान मुलीसारख्या हात वर करून उभ्या होत्या. धबधबा आम्ही पाहिला नाही.

आता कुलूप नाही. देवघर पुढे गेलं, पाय वगैरे काही लागत नाहीत. टाकी हेच रिकामी करतात, फक्त पहाटे, कॉलनी उठायच्या आत. आणि पाहुण्यांना सांगतात, "आमच्या ताईला त्रास होतो ना, म्हणून मीच म्हटलं, वापरा." हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

ताई मात्र त्यानंतर गाडीत बसल्या नाहीत. प्रत्येक वेळी गुडघे पुढे करतात. परवा मी मळ्यात त्यांना मुद्दाम आणायला गेले. त्या शेवंती निवडत होत्या. मी म्हटलं, ताई, चला आता, कुलूप काढलं, देव हलवले, मी आहे बरोबर. यांच्या नावाने जे तोंडात आलं ते सगळं त्यांच्यासमोर बोलून घेतलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाल्या, "त्याचं सोड. तो तसाच आहे. पण किल्ली तिथेच लटकत होती ना गं? तुझ्या हातभर अंतरावर?"

मी म्हटलं, "हो."

"मी नको म्हणत होते. पण तुला तर माहीत होतं," त्या म्हणाल्या, आणि पुन्हा फुलं निवडायला लागल्या.