हनुवटी जरा वर घ्या

तिला कृष्णेच्या घाटावर लग्नाचं विचारायचं ठरवलं, तेव्हा गुपचूप फोटो काढायला मी सांगलीतला एक लग्नाचा फोटोग्राफर गाठला. गडी एवढा आडवा, की तो लपायला बसला आणि निम्मा घाटच दिसेना. टॉवेलाखाली कॅमेरा झाकून त्यानं पाण्यात गळ टाकला. गळाला आमिष नव्हतंच, तरी मासे नुसतं त्याला बघायला वर येत होते.

मी अंगठी पुढं केली. तेवढ्यात हजार लग्नांची सवय त्याच्या तोंडून निसटली, "वहिनी, हनुवटी जरा वर घ्या."

ती दचकून वळली आणि खळखळून हसली. त्यानं फोटो काढला. मग तिचं हसू ओसरलं. हळूच म्हणाली, "नको रे. आपलं नाही जमायचं."

ती गेल्यावर तो माझ्याशेजारी पायरीवर येऊन बसला. शर्टाच्या टोकानं भिंग पुसत राहिला, मग कॅमेरा पुढं केला.

"बाकीचे पुसून टाकतो, पाव्हणं. ह्यो एक ठिवा. ह्यात तिनं अजून न्हाई म्हटलेलं न्हाई."

चार वर्षं झाली. फोटोत ती अजून हसतेय, आणि माझा हात तसाच पुढं आहे.