गमबूट आणण्यासाठी भोसरी, आणि परतीची पाणंद

भामा नदीकाठच्या आमच्या भातखाचरात या पावसाळ्यात मी उतरावे की नाही, असा प्रश्न माझा मुलगा दत्ता याने उपस्थित केला. दत्ता चाकणच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. तो म्हणाला, "आबा, गेल्या साली बांधावर घसरलात. औंदा खाचर गोदामवाल्याला भाड्यानं देऊ. भराव टाकून घेईल तो."

मी त्याला सांगितले की मी घसरलो तो चपलेमुळे, वयामुळे नव्हे. आणि पायात चांगले गमबूट असतील तर मी आणखी दहा पावसाळे खाचर सांभाळीन. गमबुटांचे नाव ऐकताच त्याने हातातला डबा खाली ठेवला. नंतर म्हणाला, "ठीक हाय. एकट्यानं भोसरीला जा आन दिवसाउजेडी एकट्यानं परत या. वाट चुकलात, कुणाला बोलवावं लागलं, तर मी गोदामवाल्याला होकार देणार."

मी ही अट मान्य केली. पुढील वृत्तान्त मी यासाठी लिहीत आहे की शेतकामासाठी गमबूट घेण्यास निघणाऱ्या वाचकांना त्याचा उपयोग व्हावा. आणि परतीची वाट कोणती धरू नये, हेही कळावे.

मी गुरुवार निवडला. त्या दिवशी बहुतेक कारखान्यांना सुट्टी असल्यामुळे चाकणच्या चौकात मालमोटारी तुंबत नाहीत. घोंगडीची खोळ डोक्यावर घेऊन मी सकाळी निघालो. गावातून चाकणपर्यंत सहा आसनी रिक्षा मिळते. चाकणला प्रथम बाजारपेठेत चौकशी केली. तेथे मिळतात ते प्लॅस्टिकचे काळे गमबूट, पिवळ्या तळाचे. मी एकाची मान वाकवून पाहिली, तर घडीवर पांढरी रेघ उमटली. अशी रेघ उमटलेला बूट पुढील पावसाळ्यात तेथेच चिरतो. असे बूट घेऊ नयेत. कांदा-बाजाराजवळ मिसळ खाल्ली, ती उत्तम होती, आणि भोसरीची बस धरली. कुरुळी, चिंबळी, मग इंद्रायणीचा पूल, मोशी. खिडकीतून पाहिले तर एरवी धूर सोडणारी धुराडी त्या दिवशी नुसती उभी होती.

भोसरीला औद्योगिक वसाहतीच्या तोंडाशी कामगारांच्या सुरक्षेचे साहित्य विकणारे एक दुकान आहे. सुट्टीच्या दिवशी कामगार खरेदीस येतात, म्हणून ते गुरुवारी उघडे असते. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गमबुटांच्या रांगा लावलेल्या होत्या. सर्व चवडे दाराकडे, सर्व माना ताठ. दिवा नव्हता. एका पूर्ण पाळीची माणसे गुडघ्यापर्यंत उभी आहेत आणि गुडघ्यांच्या वरची कोठे गेली हे ठाऊक नाही, असे मला वाटले. मी दारातच थांबलो.

दुकानाच्या मालकीणबाई कोकणातल्या. त्या म्हणाल्या, "येवा बाबा, आत येवा. चावूचे नाय ते."

"मला रबरी हवेत," मी म्हणालो. "आतून कापडी अस्तर असलेले."

"लग्नाक जातास की शेतात?"

"शेतात. लग्न एकदाच केले आहे."

बाई हसल्या आणि त्यांनी जोड काढून दिला. माझ्या अनुभवाचे सार येथे देतो. घरून जाड मोजे नेऊन ते घालूनच बूट पाहावेत व नेहमीपेक्षा एक क्रमांक मोठा घ्यावा. चालताना टाच आत वरखाली झाली तर फोड येणारच. बुटाची मान पोटरीभोवती दोन बोटे सैल असावी. त्याहून सैल असल्यास चिखल आत येतो, घट्ट असल्यास पाय बाहेर येत नाही. तळाच्या खाचा खोल व एकमेकींपासून दूर असाव्यात, म्हणजे चिखल आपोआप गळून पडतो. पुढे पोलादी टोपी असलेला बूट कारखान्यात योग्य, खाचरात तो जड होतो. मी घेतलेला जोड नऊशे रुपयांना पडला. महाग वाटला, परंतु पश्चात्ताप नाही. तो पायात घालूनच मी परतलो, कारण नवा बूट पिशवीत असताना कळत नाही.

चाकणहून परतताना गावाच्या अलीकडच्या फाट्यावर उतरलो. तेथून गावात दोन वाटा जातात. एक डांबरी, लांबची. दुसरी आमची जुनी पाणंद, म्हणजे बैलगाडीची वाट. ही पाणंद आता दोन्ही बाजूंच्या गोदामांच्या भिंतींमध्ये सापडली आहे आणि कित्येक ठिकाणी तिच्यावरच भिंत आली आहे. तरीही आमच्या गावात कोणालाही वाट विचारा, "पाणंदीनं जावा" असेच सांगतात. मीही सवयीने तिकडेच वळलो. चूक झाली ती तेथे.

पाऊस बारीक होता. नदीवरून धुके चढत होते. निळ्या पत्र्याची गोदामे, मग सिमेंटची भिंत, मग बंद फाटक. पुन्हा निळी गोदामे, भिंत, तेच फाटक. कोठेही यंत्राचा आवाज नाही. अनवाणी असतो तर तळव्याला गाडीवाटेचा दगड कळला असता. परंतु उत्तम बुटातून जमीन कळत नाही, हा त्याचा एक दोष नमूद करतो. तिसऱ्यांदा तेच फाटक आले, तेव्हा समोरच्या चिखलात मला ठसे दिसले. खोल खाचा, एकमेकींपासून दूर. माझेच ठसे, असे मी समजलो. पण ते नदीकडे उतरत होते आणि मी त्या बाजूला गेलो नव्हतो.

फाटकाच्या चौकीत एक पहारेकरी बसला होता, बोलण्यावरून मराठवाड्याकडचा. मला पाहून तो उभा राहिला.

"बाबा, तुम्ही आत्ताच गेलाव की खाली, पाण्याकडं."

"मी गेलो नाही."

"हीच घोंगडी, हेच बूट. मी हाका मारल्या, खाली लई पाणी हाय म्हणून. वळून बी बघितलं नाही." तो माझ्या पायांकडे पाहत होता. "घरी सोडायला येऊ का, बाबा?"

मी नको म्हणालो. त्याला सोबत घेतले असते तर खाचर गेले असते. आणि मला काय लागले आहे हे मला समजले होते. आमच्याकडे त्याला चकवा म्हणतात. तो माणसाला त्याच त्या जागेत फिरवतो आणि शेवटी पाण्यावर नेतो. त्यावर जुन्या लोकांनी एकच उपाय सांगितला आहे. पायातले काढावे, डाव्याचे उजव्यात आणि उजव्याचे डाव्यात घालावे आणि स्वतःच्या घराचा उंबरा ओलांडेपर्यंत बदलू नये. मी दगडावर बसलो. घामाने ओल्या झालेल्या मोज्यावरून गमबूट निघणे सोपे नसते. निघाले, तसे उलटे घातले आणि पहारेकऱ्याकडे न पाहता चालू लागलो. चवडे बाहेरच्या बाजूला ओढत होते. माझ्या मागे चिखलातून पाऊल उपटल्याचा आवाज येत होता. तो माझ्याच पावलांचा असावा, परंतु मी थांबल्यावर तो एकदा अधिक येत असे. मी मागे पाहिले नाही. भिंत संपली आणि मारुतीच्या देवळाचा कळस दिसला.

घरी पोहोचलो तेव्हा उजेड होता. दत्ता ओट्यावर उभा होता. त्याने प्रथम माझे पाय पाहिले. मी काय करावे? चकव्याचे सांगितले तर वाट चुकल्याचे कबूल होते. न सांगितले तर ज्या म्हाताऱ्याला डावे-उजवे कळत नाही, त्याच्या हाती खाचर कोण देईल? मी आधी उंबरा ओलांडला आणि मग बूट काढले.

"पाणंदीनं आलात," तो म्हणाला.

"व्हय."

तो खाली बसला. "मागल्या पावसाळ्यात पहिल्या शिफ्टवरनं मी पाणंदीनं आलो. असंच धुकं. पुढं तुम्ही चालला होता. हाक मारली तर वळला न्हाई. नदीत उतरलात, आबा. गळ्यापर्यंत. मी पळत घरी आलो, तर तुम्ही इथं शेंगा सोलत बसला होता."

"मग तो मी नव्हतो."

"मी पण मनाला तेच सांगितलं. कारण त्याच्या पायात गमबूट होते, आन तुमच्याकडं तवा गमबूट न्हवते." त्याने बुटांकडे पाहिले नाही. "म्हणून खाचर द्या म्हणत होतो. वयाचं नुसतं निमित्त केलं."

कोणाला न बोलावता, दिवसाउजेडी मी घरी आलो होतो, म्हणून अट पुरी झाली असे धरून दत्ताने शब्द पाळला. गोदामवाल्याला नकार गेला. पुढच्या गुरुवारी तो स्वतः भोसरीला जाऊन त्याच दुकानातून आपल्या मापाचा जोड घेऊन आला. येताना डांबरी वाटेने आला.

बुटांविषयी माझी तक्रार नाही. पाणी आत येत नाही, फोड आला नाही, आणि बांधावर मी घसरलो नाही. मात्र आता खाचरात आम्ही दोघे जातो. दत्ता पुढे, मी मागे. धुके असले म्हणजे तो वळून पाहत नाही, हाकही मारत नाही. मीच थोड्या थोड्या वेळाने, त्याने विचारलेले नसतानाही, "आहे रे, मीच आहे" असे म्हणत चालतो.